अठरा नंबरच्या खाटेची तपासणी

३ मार्च, सोमवार. सकाळी ९.
पत्नीला रुग्णालयात दाखल करून आज आठवा दिवस. उजवी बाजू अद्याप हलत नाही. अन्न नाकातील नळीवाटे जाते. वाचा मात्र शाबूत आहे, याचा प्रत्यय मला रोज येतो. प्रकृतीत सुधारणा आहे. डॉक्टर तसे म्हणाले नाहीत, परंतु त्यांच्या चेहऱ्यावरून मी ताडले.

मोठ्या सिस्टर दोन शिकाऊ परिचारिकांना घेऊन आल्या. मला म्हणाल्या, "आजोबा, या मुली काय करतात ते रोज नीट बघायचं हं. आठवड्याभरात सगळं पक्कं हवंय मला." खाटेच्या पायथ्याशी एक तक्ता अडकवला. कूस बदलणे, नळीने अन्न देणे, तोंड साफ करणे, चादर बदलणे. प्रत्येकासमोर रिकामी चौकट.

माझी योग्यता त्यांनी बरोबर ओळखली. कापडाच्या गिरणीत मी छत्तीस वर्षे तपासनीस होतो. शिक्षण चौथीपर्यंत, परंतु तुटका धागा माझ्या नजरेतून कधी सुटला नाही. या मुलींचे ट्रेनिंग कितपत झाले आहे ते मी तपासावे, अशी रुग्णालयाची इच्छा दिसते. जबाबदारी स्वीकारली.

४ मार्च. दुपारी.
दर दोन तासांनी कूस बदलतात. न बदलल्यास पाठीला जखमा होतात. चष्मेवाली मुलगी: चार मिनिटे लावली, चादरीवर तीन सुरकुत्या. दहापैकी पाच. उंच मुलगी: हात हलका, बडबड अतोनात. सहा.

खाटेवरून हिने विचारले, "काय लिहिताय एवढं?" सांगितले. म्हणाली, "जन्मभर कापड तपासलंत तेवढं पुरे की. आता पोरींना कशाला ताणून बघताय? मला घरी न्या." तपासणी पूर्ण झाल्याखेरीज ते शक्य नाही, असे तिला समजावून सांगितले.

५ मार्च. दुपारी ४.
गंभीर बाब. चष्मेवालीने अन्नाने भरलेली सिरिंज माझ्या हाती दिली व म्हणाली, "आजोबा, आता तुम्ही करून दाखवा." उघड आहे, तिला स्वतःला येत नाही. मी ठाम नकार दिला. परीक्षकाने पेपर सोडवावयाचा नसतो. सिरिंज परत देताना थोडे अन्न चादरीवर सांडले, ते पंखा फार जोरात असल्यामुळे. तिचा एक गुण कापला.

७ मार्च.
उंच मुलीनेही तोच आगाऊपणा केला. वर म्हणाली, "अहो, या वयात आजींना हात लावायला लाजताय की काय?" शेजारच्या खाटेवरील बाई फिसकन हसल्या. हीसुद्धा हसली, अर्ध्या चेहऱ्याने. म्हणाली, "बावन्न वर्षांत यांनी पाण्याचा पेला स्वतः उचलून घेतला नाही. हे मला काय भरवणार!" ही अतिशयोक्ती आहे. आजारी माणसाशी वाद घालू नये, म्हणून व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो.

संकल्प: उद्यापासून नजर अधिक कडक.

१० मार्च, सोमवार.
आठवडा संपला. चौकटी रिकाम्याच. माझे शेरे तयार आहेत. कोणी मागावयास येत नाही. कामाच्या धबडग्यातून मुलाचा फोन आला. "बाबा, सिस्टर म्हणतात सगळं तुमच्यावर अडलंय. आटपा की लवकर." मी सांगितले, दर्जाच्या बाबतीत मी घाई करीत नसतो. त्याने फोन ठेवला. पटले असावे.

ही आज दोनदाच बोलली. दोन्ही वेळा तेच. "घरी न्या."

१२ मार्च. सायंकाळी ५.
मोठ्या सिस्टर खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. सोबत सूनबाई होत्या. सिस्टर म्हणाल्या, "आजोबा, आता स्पष्टच बोलते. इथे करण्यासारखं काही उरलेलं नाही. त्यांना घरी जायचंय. पण मुलगा, सून कामावर. दिवसभर जवळ तुम्हीच. तुम्हाला हे जमतंय असं मी लिहून दिल्याशिवाय डॉक्टर सोडणार नाहीत. हा तक्ता मुलींचा नाही हो. तुमचा आहे."

तक्ता पाहिला. वर माझे नाव होते. पहिल्या दिवसापासून. मी नुसत्या चौकटी पाहिल्या होत्या.

सूनबाई म्हणाल्या, "आम्हाला वाटलं, आईंना न्यायची तुमचीच तयारी नाही."

ही म्हणाली, "घाबरतात ते. मला ठाऊक होतं. म्हणून बोलले नाही कुणाला."

मी सिस्टरना विचारले, उद्या किती वाजता सुरू करायचे.

१३ मार्च.
सकाळी सातपासून शिकलो. चष्मेवालीने माझ्या हातांवर आपले हात ठेवले. पहिल्या वेळी उशी खाली पडली व ही कण्हली. दुसऱ्या वेळी नळीच्या टोकाऐवजी माझ्या बाहीवर अन्न सांडले. तिसऱ्या वेळी जमले. मुलगी शिकविते फार उत्तम. हिचे वजन इतके कमी झाले आहे, हे इतके दिवस समोर बसूनही मला दिसले नव्हते.

संध्याकाळी चारही चौकटींत ‘जमते’ असे लिहिले गेले. ही म्हणाली, "बघा, आलं की नाही?" रविवारी घरी. सूनबाईंनी खाट खिडकीशी लावून ठेवली आहे.

१५ मार्च, शनिवार.
पहाटेपासून ताप. छातीत कफ. ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, आता हलविता येणार नाही. मी विचारले, सोमवारीच नेले असते तर? ते म्हणाले, असं काही सांगता येत नाही. सभ्य गृहस्थ आहेत.

१६ मार्च, रविवार.
कूस मीच बदलली. आठ, दहा, बारा, दोन, चार, सहा. चादरीवर एकही सुरकुती नव्हती. हे तिला सांगितले. तिने डोळे उघडले नाहीत.

१८ मार्च.
सकाळी १०.४० वाजता गेली. सिस्टर होत्या, दोन्ही मुली होत्या, मी होतो.

२ एप्रिल.
रुग्णालयाकडून टपालाने फॉर्म आला. सेवेचा दर्जा कसा वाटला? परिचारिकांचे प्रशिक्षण पुरेसे होते काय? माझे मत अधिकृतपणे मागितले आहे. सूनबाई म्हणाल्या, "राहू द्या बाबा, कोण वाचतंय ते." मी म्हटले, विचारले आहे तर उत्तर दिले पाहिजे. सर्वत्र ‘उत्तम’ लिहिले.

शेवटचा रकाना असा: ‘रुग्णास घरी पाठविण्यास विलंब झाला असल्यास कारण.’

पेन धरून बराच वेळ बसलो. मग ‘मी’ असे लिहिले. नुसत्या ‘मी’वरून कोणास बोध होणार नाही, म्हणून त्यापुढे ‘पती’ असे लिहिले.