गोणपाटानं पुसलेली पावलं

आप्पा, काल मैदानाच्या कमिटीतल्या एक बाई घरी आल्या होत्या. गोल्फच्या मैदानाचा इतिहास छापायचाय, त्यात तुमच्यावर एक पान हवंय, ते मीच लिहून द्यावं म्हणाल्या. पेढेही आणले होते. पेढे घेऊन आलेल्या माणसाचा मला आधी संशय येतो, हे तुमच्याकडूनच आलंय. जिवंतपणी तुम्हाला कुणी खुर्ची दिली नाही आणि आता अख्खं पान देतायत, म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय. पण बसवून घेतलं आणि माहीत होतं तेवढं सांगितलं. आधी तिथं गायरान होतं, देवणी गुरं चरायची. लातूर वेगळा जिल्हा झाला, साहेब लोक आले, गायरानात नऊ खड्डे खणले गेले. फाटकावर ‘सर्वांसाठी खुले’ अशी पाटी लागली आणि आत कुणी फिरकू नये म्हणून तुम्हाला रखवालदार नेमलं. हिरवळ परवडणार कुणाला? खड्ड्याभोवती वाळू पसरून तिच्यात गाड्यांचं काळं ऑइल कालवायचं, की झालं मैदान. त्यावर कुणी चाललं की पाऊल उमटायचं आणि तुम्ही गोणपाट ओढून ते पुसायचात.

जे सांगितलं नाही ते तुम्हाला लिहितोय, कारण तुम्ही वाचणार नाही. दुष्काळ पडला, टँकर आठवड्यातून एकदा यायचा. बोअरला पाणी होतं ते फक्त मैदानाच्या. आपल्या वस्तीतल्या बाया पहाटे कुंपणातून शिरून तिथं घागरी भरतात, हे तुम्हाला ठाऊक होतं आणि मलाही. एक दिवस पंपाच्या खोलीला कुलूप लागलं. त्याच आठवड्यात मला साहेबांच्या कचेरीतून कारकुनीची ऑर्डर आली. बी.कॉम. होऊन दोन वर्षं घरी बसलो होतो मी. तुम्ही भाकरी खात होतात. मी विचारलं, “आप्पा, कुलूप कुणामुळं लागलं?”

“मला काय म्हाईत? तू जा, रुजू हो,” तुम्ही म्हणालात.

तेवढ्यावरून मी ठरवून टाकलं की साहेबांना बायांची नावं देऊन तुम्ही मला नोकरी मिळवून दिलीत. वस्तीनंही तेच ठरवलं. तुमच्या मयताला तिथलं कुणी आलं नाही, आणि मला ते बरोबरच वाटलं.

पान द्यावं की नाही ते ठरत नव्हतं, म्हणून आज वस्तीत गेलो. तेव्हा पाणी भरणाऱ्यांपैकी एक म्हातारी अजून आहे. ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मी सरळ म्हणालो, “मावशी, आमच्या आप्पांनीच चुगली केली ना?”

ती शेंगा बाजूला सारत म्हणाली, “तुझा बाप आमच्या मागनं गोणपाट वढत यायचा. पावलं पुसायचा आमची. मी डोळ्यानं बघितलंय. सांगायचंच असतं तर पुसलं कशाला असतं?”

“मग तेव्हा बोलला का नाहीत?”

“लई बोलले. कुणी ऐकना. म्हनायचे, मग पोराला नोकरी कशी लागली?”

तिच्या ओट्यावर बसल्यावर मला सगळं आठवलं, असं मी इथं लिहिणार होतो. ते खोटं आहे. मी विसरलोच नव्हतो. नोकरीची मुलाखत घेणारे साहेब मैदानावर खेळायला येणारेच होते. त्यांनी सहज विचारलं, तुमच्या वस्तीला पाणी कुठून मिळतं? हुशार दिसावं म्हणून मी सगळं सांगितलं, कुंपण कुठं फाटलंय तेसुद्धा. नंतर तुमच्यावर संशय धरणं सोपं होतं. त्यावर माझी अख्खी नोकरी निभावली, पेन्शनही निघाली. तुम्हाला हे ठाऊक होतं का, एवढंच मला कळत नाही, आणि ठाऊक असेल याचीच मला जास्त भीती वाटते.

बाईंना द्यायचं पान संध्याकाळी लिहून झालं. तुम्ही पावलं पुसायचात ते त्यात आहे. मुलाखतीचं नाही.