साडूला शेजारी बसवायचं आहे

ता. ९ जून

चि. भाचीस मामाचे अनेक आशीर्वाद.

उत्तराला इतका उशीर झाला, राग धरू नकोस. फोन केला असता, पण मी फोनवर बोललो की तुझी मामी कान टवकारते, आणि ही गोष्ट तिच्या कानावर जायला नको. म्हणून तुझ्या गॅरेजच्या पत्त्यावर लिहितोय. माझी शाळा लहानपणीच सुटली, अक्षर चालवून घे.

आपली जुनी गाडी तीन वर्षं शेडमध्ये उभी आहे, ती पुन्हा काढायची आहे. पत्रा ठोकून घेतलाय, इंजिन ठणठणीत आहे. ब्रेक मात्र नवे हवेत, शर्यतीच्या गाड्यांना असतात तसले मोठे. शर्यतीच्या ट्रॅकवर अधूनमधून रविवारी कुणालाही आपली गाडी पळवू देतात म्हणे. तिथे मला माझ्या साडूला शेजारी बसवून न्यायचं आहे.

तुला ठाऊकच आहे. याच गाडीत मामीला बसवून त्याने डोंगराच्या उतारावर भिंतीला धडक दिली. त्याला खरचटलंही नाही, तिचा गुडघा गेला. वर नातेवाइकांत सांगत सुटला, की ब्रेकच लागले नाहीत, मालकाने कवडी वाचवली आणि बायकोला लंगडी केली. मी आदल्याच आठवड्यात ब्रेक तपासून घेतले होते, पण ऐकतो कोण? अजून चार माणसांत गेलो की कोणीतरी विचारतंच, आता तरी ब्रेक दुरुस्त केलेस का.

कोणते पॅड, केवढी डिस्क, लवकर लिही. मला झोप नाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा मामा

ता. १५ जून

ती. मामांना शि. सा. न.

पत्र पोचलं. अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे.

मोठ्या डिस्कचा नाद सोडा. तुमच्या लहान चाकांत त्या मावायच्या नाहीत. शर्यतीचे पॅड तर मुळीच नकोत. ते चांगले तापल्याशिवाय धरत नाहीत. सकाळी भाजी आणायला निघालात तर पहिल्याच चौकात गाडी पुढे सरकेल. शिवाय तुमचा पाय मला माहीत आहे, कुत्रं दिसायच्या आधीच ब्रेक दाबता. तुमच्या पायाखाली ते पॅड जन्मात तापायचे नाहीत. रस्ता आणि ट्रॅक दोन्हींना चालतील असे मधले पॅड बसवू, साध्या नव्या डिस्क, पोलादी जाळीच्या नळ्या आणि जास्त उष्णता सोसणारं ब्रेक ऑइल. ऑइल उकळलं की पेडल चिखलात पाय घातल्यासारखं खाली जातं. ट्रॅकवर खरी भीती त्याचीच.

पण मामा, साडूंना शेजारी बसवून काय करणार आहात, ते सरळ लिहा. त्याशिवाय मी पाना हातात घेणार नाही.

रागावलात तरी आशीर्वाद असू द्या.
तुमची भाची

ता. २० जून

चि. भाचीस आशीर्वाद.

तूही मला भित्रा म्हणालीस. असो, खरंच आहे ते.

विचारतेस म्हणून सांगतो. मामी अजून झोपेत पाय ताणते. शेजारी बसलेल्या माणसापुढे पेडल नसतं, तरी तिने त्या दिवशी खालचा पत्रा दाबला होता, आणि तो ती अजून दाबतेय. मला तेवढंच हवंय. भिंत अंगावर येताना त्याने बघावी, आणि जिथे पेडल नाही तिथे पाय रोवावा. घाबरू नकोस, धडकवणार नाही. मेला तर सुटेल. त्याने जगून आठवावं.

तो येईल का म्हणशील, तर कालच विचारलं. हसला, म्हणाला, म्हातारा ट्रॅकवर हातगाडी ढकलणार, हे बघायला फुकट येईन.

गाडी कधी पाठवू?
मामा

ता. २५ जून

ती. मामांना शि. सा. न.

उत्तर आवडलं नाही, पण खोटं नाही. गाडी पाठवा.

ट्रॅकवर वळणाआधी अंतराच्या पाट्या असतात. दुसऱ्या पाटीला ब्रेक दाबायचा. त्यापुढे एक हातही नाही, सूड असला तरी. मामीला सांगून जा, ही माझी अट.

तुमची भाची

ता. २२ जुलै

चि. भाचीस अनेक आशीर्वाद.

लिहायला उशीर झाला. मामीला सांगितलं. ती सोबत आली आणि ट्रॅकच्या कडेला बाकावर बसली.

पहिल्या फेरीत साडू गप्पा मारत होता. दुसऱ्या फेरीत सरळ रस्त्यावर मी वेग सोडलाच नाही. वळणावरची, टायर रचून केलेली भिंत मोठी होत आली, पहिली पाटी गेली, आणि त्याचा पाय पत्र्यावर आपटला. दुसऱ्या पाटीला मी तू बसवलेला ब्रेक दाबला. गाडी अशी बसली, की पट्टा त्याच्या छातीत रुतला. मी इतकंच विचारलं, की त्या दिवशी उतारावर गाडी कोणत्या गिअरमध्ये होती. तो खिडकीबाहेर बघायला लागला. म्हटलं, चल, अजून एक फेरी. तेव्हा बोलला. पेट्रोल वाचवायला त्याने सगळ्या उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडली होती. इंजिनाचा आधार नाही, सगळा भार ब्रेकवर. ब्रेकमधून धूर निघाला तरी थांबला नाही, शेवटी ते लागेनासे झाले. कवडी वाचवणारा कोण, ते कळलं.

गाडीतून उतरवून त्याला मामीपुढे उभा केला आणि सगळं सांगायला लावलं. सूड किती गोड असतो, ते मला अर्धा मिनिट कळलं.

मामीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, की तिला माहीत होतं. शेजारीच तर बसली होती. गिअर काढू नका म्हणून त्याला विनवलंही होतं. बहिणीच्या संसारात विष नको, म्हणून बोलली नाही. तीन वर्षं लोक मला काय काय बोलले ते तिने ऐकलं, आणि माझ्या ताटात वाढत राहिली.

साडूचं मिटलं. हिचं काय करू? हिच्यावर हात उगारायचा माझा पिंड नाही, आणि गिळवतही नाही. आज तिने विचारलं, गुडघा दाखवायला मंगळवारी गाडीनेच नेणार का. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तू तिच्या मांडीवर वाढलीस, तिचीच बाजू घेशील. घे, पण मंगळवारच्या आत दोन ओळी लिहून पाठव.

तुझा मामा