छत्रीवाल्याला होकार

५ ऑक्टोबर, तैशो ७ (जपान, इ.स. १९१८)

घात झाला! उद्या नवा मूकपट, आणि पडद्यामागून त्यातल्या बाईचे संवाद बोलणारा आमचा माणूस आज सकाळी पलीकडच्या थिएटरात पळाला! बायकांच्या मासिकातल्या तीन गोष्टी जोडून केलेलं प्रेमाचं विनोदी चित्र — तोफूवाल्याची मुलगी, तिच्या मागे लागलेला छत्रीवाला — आणि मुलगीच मुकी?

पुरुषांचे आवाज काढणारा हानाबुसा म्हणतो, "मालक, एक बाई आहे माझ्या माहितीत. पण मागे डोकावू नका हं, लाजते ती."

६ ऑक्टोबर

काय आवाज! "पाऊस नाही, पाणी नाही, आणि रोज छत्री विकायला येता?" — लोक लोळले. पडद्यावर नायिकेच्या वेषात दांडगा पुरुष आहे, हे विसरूनच गेले.

याच थिएटरात शेंगदाणे विकत मी वर आलो. नुसत्या खोकल्यावरून गिऱ्हाईक ओळखायचो. हा आवाज मात्र ओळखू येईना.

७ ऑक्टोबर

बायकोला म्हटलं, ओसेई, ये की एकदा सिनेमा बघायला. "हो," म्हणाली, आणि टॉवेल घेऊन गल्लीतल्या सार्वजनिक न्हाणीघराकडे निघाली. लग्न झाल्यापासून हिचं एकच — हो!

८ ऑक्टोबर



नायिका चिडली, आणि बोलण्याआधी — "च्च्!" भात उतू गेला की ओसेई करते, अगदी तस्सं! धावत मागे गेलो. ओसेईच! खांद्यावर कोरडा टॉवेल. माझी बायको!! मला बघून थांबलीसुद्धा नाही. नुसता हात वर केला — गप्प, चित्र चालू आहे.

९ ऑक्टोबर

सकाळी म्हटलं, "मालकाची बायको पडद्यामागे ओरडते, लोक काय म्हणतील? आजपासून बंद!"

"हो."

दुपारी हानाबुसाने एकट्याने दोन्ही आवाज काढले. लोकांनी संत्र्याच्या साली फेकल्या. "ती बाई आणा!" तसाच घरी गेलो. म्हटलं, "चल बाई."

"छत्रीवाला तुम्ही बोलणार असाल तर येते."

ओसेई — आणि अट घालते!

१० ऑक्टोबर

छत्रीवाला मी. शेवटी विचारलं, "करशील लग्न माझ्याशी?"

पडद्यावर नायिकेने लाजून होकाराची मान डोलावली. ओसेईने माझ्याकडे पाहिलं.

"विचार करून सांगते."

थिएटर हसून कोसळलं. ती हसत नव्हती.