दामले नावाची नोकरी

क्रॉयडन
रविवार, २३ मार्च २०२५

प्रिय गिरीशदादा,

सप्रेम नमस्कार. सुप्रभावहिनींचा गुडघा आता कसा आहे? जिना चढता येतो का? आम्ही तिघंही बरे आहोत. बागेत डॅफोडिल्स आलेत, क्वाबेनानं शेड रंगवायला काढली आणि अर्धीच सोडलीय.

तुझे मेसेज मिळाले. पाडव्याला सियाच्या नोकरीची पार्टी तुमच्याकडे स्टॅनमोरला करायची, श्रीखंड घरी करायचं की आणायचं, कुणाकुणाला बोलवायचं... मी एकाचंही उत्तर दिलं नाही. फोन केला असता तर तू म्हणाला असतास, "अगं, पण बिघडलं काय?" आणि मला धड सांगता आलं नसतं. म्हणून लिहितेय.

क्वाबेनाची सोसायटी तुला माहीत आहे, पण ती सुरू का झाली ते मी कधी नीट सांगितलं नसावं. सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षी वर्गातल्या बाकीच्यांना प्लेसमेंट मिळाल्या. याचे मार्क चांगले, तरी अर्ज परत यायचे. एका ठिकाणी मुलाखतीला बोलावलं, तर रिसेप्शनवरच्या बाईनं त्याला पार्सल कुठं ठेवायचं ते दाखवलं. टाय लावून गेला होता रे तो. त्याच आठवड्यात त्यानं हॉस्टेलच्या लाँड्रीशेजारच्या खोलीत चार-पाच मुलांना जमवलं. कुणी त्याच्यासारखं घानाचं, कुणी नायजेरियाचं, एक मुलगी जमैकन घरातली. दारावर कागद लावला, 'ब्लॅक एंजिनिअर्स सोसायटी'. वेगळी सोसायटी कशाला, असं त्याचे प्राध्यापकही विचारायचे. तो म्हणायचा, "इथे कुणाला आपलं नाव सोपं करून सांगावं लागणार नाही, म्हणून."

एवढंच काम होतं. मोठ्यांनी लहानांची मुलाखतीची तयारी करून घ्यायची, नोकरीला लागलेल्यांनी आपल्या कंपनीचं दार मागच्यांसाठी उघडून धरायचं, आणि शनिवारी जवळच्या शाळेतली पोरं गोळा करून त्यांच्याकडून कोरड्या स्पॅगेटीचे पूल बांधून घ्यायचे. पूल मोडला की सगळ्यांत जास्त टाळ्या. क्वाबेना आजही शनिवारी जातो. सिया तिथल्याच टेबलांखाली रांगली. तीही त्याच कॉलेजात एंजिनिअरिंगला गेली आणि यंदा सोसायटीची अध्यक्ष झाली, तेव्हा हा गाडीत बसून एकटाच रडला होता.

नाताळात तुझ्याकडे जेवताना तिनं सांगितलं, की सगळीकडून नकार येतोय. तू तिला वाढता वाढता म्हणालास, "बाबांच्या ओवुसुऐवजी दामले लिहून बघ ना. आईचंच नाव आहे, खोटं थोडंच आहे?" आम्ही सगळे हसलो होतो. तू तिच्या मायेपोटीच बोललास. तू स्वतः ऑफिसात पंचवीस वर्षं 'गॅरी' होतास, त्याची कधी तक्रार केली नाहीस. तुला यात काही वाकडं दिसलं नाही, ते मला समजतं.

तिनं ते खरंच केलं. तेच मार्क, तोच प्रोजेक्ट. दोन मुलाखती आल्या, त्यातून पूल डिझाइन करणाऱ्या त्या कंपनीत नोकरी लागली. ऑफर आली ती 'सिया दामले' या नावानं. क्वाबेनानं लॅपटॉपवर वाचली आणि विचारलं, "दामले?"

सिया आधी माझ्याशी मराठीत बोलली. घाबरली की ती मराठीत शिरते. "मी खोटा नाही बोलली, आई. दामले पण माझाच नाव आहे ना?"

क्वाबेना म्हणाला, "अभिनंदन, सिया." मग गाडी धुवायला बाहेर गेला. गाडी आदल्याच दिवशी धुतली होती.

गेल्या शनिवारी सोसायटीचं वार्षिक जेवण झालं. जुने-नवे सगळे आले होते. सिया बोलायला उभी राहिली. वडिलांनी सोसायटी का काढली ते तिनं सांगितलं, आणि मग तिच्या नोकरीचंही सांगून टाकलं, सगळ्यांसमोर, काही न लपवता. कुणी रागावलं नाही. मागच्या टेबलावरची पहिल्या वर्षाची एक मुलगी उठली आणि तिनं अगदी साधेपणानं विचारलं, "मग मी काय करू? माझ्या आईचं आडनावसुद्धा ओकोरोच आहे."

दादा, मी क्वाबेनाकडे पाहिलं, तर तो ताटातला भात एका बाजूला सारत होता.

सोमवारी सियानं कंपनीत फोन करून खरं नाव सांगितलं. तिथली बाई फार गोड बोलली. "काहीच हरकत नाही, ओवुसु लिहू, आमच्याकडे नावाला कुणी बघत नाही." सिया फोन ठेवून म्हणाली, "ओवुसु म्हणून घेतलं असतं का, ते आता मला कधीच कळणार नाही." नोकरी ती करणार आहे. अध्यक्षपद मात्र तिनं सोडलं. सगळ्यांनी समजावलं, ती ऐकत नाही. ती आणि तिचे बाबा एकमेकांशी अगदी सभ्यपणे बोलतात, "मीठ दे", "थँक यू", असं. मला वाटतं, भांडले असते तर बरं झालं असतं.

ऑफर आली तेव्हा मला पहिल्यांदा आनंदच झाला होता. आपल्या माहेरच्या नावानं पोरीचं भलं केलं, असंही क्षणभर वाटून गेलं. आता ते आठवलं की कसंतरी होतं.

काल शनिवार असून क्वाबेना शाळेत गेला नाही. आम्ही ट्रामनं बाजारात गेलो होतो. खिडकीबाहेर बघत त्यानं विचारलं, "नीना, आपण इतकी वर्षं ते उगाच केलं का?"

मी लगेच "नाही" म्हटलं. जरा जास्तच लगेच.

पार्टी नको, दादा. पाडव्याला आम्ही येणार नाही. वहिनींना काय सांगायचं ते तू ठरव. माझा तुझ्यावर राग नाही. राग असता तर हे लिहिणं सोपं गेलं असतं. फक्त सियाला इतक्यात अभिनंदनाचा फोन करू नकोस.

तुझीच,
नीना