फुकटची की विकतची

३ मार्च
मालकांनी माझ्याच गळ्यात मारलं! आपला डेटाबेस जुना झालाय, बनवणाऱ्यांनी त्याच्या दुरुस्त्या देणं बंद केलंय. आता नवा कुठला घ्यायचा – कुठलं व्हर्जन, कुठली एडिशन – ते मी लिहून द्यायचं. "तुम्हाला कळतं त्यातलं." कळतं, पण जबाबदारीही माझीच ना! आम्ही कृत्रिम पाय बनवतो. चौदा हजार माणसांची मापं आहेत त्यात.

५ मार्च
व्हर्जनचं सोपं निघालं. सगळ्यात नवं आमच्या मापांच्या प्रोग्रॅमशी जुळत नाही. एक मागचं घ्यायचं, ते अजून सहा वर्षं तरी चालेल.

घोडं अडलंय एडिशनपाशी. फुकटचीत सगळं बसतं, पण बॅकअप आपोआप होत नाही. रोज संध्याकाळी कुणीतरी बसून हाताने घ्यायचा, आत्ता घेतो तसाच. विकतची तो आपला आपण घेते. आणि आमच्याकडे 'कुणीतरी' म्हणजे मास्तर. सव्वीस वर्षांच्या नोकरीत आता एवढं एकच काम उरलंय त्यांच्याकडे. विकतची घेतली की तेही गेलं.

८ मार्च
मास्तर चष्मा शोधत होते – डोळ्यांवरच होता! काखेत कळसा नि गावाला वळसा. सगळे हसले, तेही हसले. मग एकच गोष्ट त्यांनी मला तिसऱ्यांदा विचारली आणि माझं हसू गेलं.

हल्ली ते घरी गेले की मी गुपचूप बघते, बॅकअप झालाय का. महिन्यात दोनदा नव्हता. मीच घेतला. कुणाला बोलले नाही. मला माउस धरता येत नव्हता तेव्हापासून शिकवलंय या माणसाने. चिडले कधीच नाहीत.

११ मार्च
काकूंचा फोन, म्हणजे मास्तरांच्या बायकोचा. "त्यांना घरी बसवू नका गं. रविवारीसुद्धा डबा मागतात. कामावर आहेत तोवर माणसात आहेत." रडत होत्या. हो म्हटलं.

१२ मार्च
लिहून दिलं. फुकटची. "सध्याच्या गरजेला पुरेशी आहे." मालक खूश! मास्तरांना मात्र विचारलं नाही. कुठल्या तोंडाने विचारू? मी आहेच की मागे बघायला.

२ एप्रिल
नवा डेटाबेस सुरू झाला. बॅकअपच्या पायऱ्या मोठ्या अक्षरात लिहून मास्तरांच्या टेबलासमोर लावल्या. खाली तारखांचा तक्ता – घेतला की बरोबरची खूण करायची. "शाळाच भरवलीस की!" म्हणाले.

१७ एप्रिल
ताप. उठवत नाही.

२२ एप्रिल
अजून ताप. बॅकअप बघायला कुणाला सांगू? सांगितलं तर का ते सांगावं लागेल. राहू दे.

४ मे
आज कामावर गेले. शनिवारी सर्व्हरची डिस्क गेली म्हणे. शेवटचा बॅकअप सोळा एप्रिलचा – मी होते त्या दिवसाचा. त्यानंतरचं सगळं गेलं. एकशे बारा माणसांची मापं.

मास्तरांच्या तक्त्यावर रोजची खूण आहे. एक दिवस चुकलेला नाही. खूण करायची तेवढी लक्षात राहिली, नव्या पायऱ्या नाही. "मी घेतला गं. रोज घेतला. बघ ना!" कागद माझ्यापुढे धरून उभे होते.

५ मे
मालक सगळ्यांसमोर त्यांना नको ते बोलले. उद्यापासून येऊ नका म्हणाले. मला सगळं ठाऊक होतं, एडिशन मी निवडली होती – आणि मी खाली मान घालून बसले. थू माझ्या जिनगानीवर! मास्तर डबा टेबलावरच विसरून गेले.

८ मे
माणसांना पुन्हा बोलावतोय. एक बाई दोन बस बदलून आल्या. कुबड्या भिंतीला टेकवल्या, बसल्या. "परत मापं? गेल्या वेळी चुकली का माझी?" नाही हो, म्हटलं. टेप धरताना मला दिसेना.

१४ मे
मालकांना खरं सांगितलं. सगळं. ते म्हणाले, "आता सांगून काय उपयोग?" विकतची मागवलीय.

१९ मे
मास्तरांचा फोन. त्यांच्या लेखी अजून मार्चच चाललाय.

"काय गं, एडिशनचं ठरलं का? मला विचारलं नाहीस म्हणून मीच केला फोन. विकतचीच लिही हो. माझ्या काही लक्षात राहत नाही आताशा. माझ्यावर विसंबू नकोस."