पट्टा अंगालगत बांधा

ती. बाबा,

मुलाखतीसाठी खेडला निघालो आहे, संध्याकाळी परतेन. ताईने पाठवलेले घड्याळ बिघडलेले नाही. काल तुम्ही त्याचा छातीचा पट्टा बनियनवरून बांधलात, म्हणून त्यात हृदयाचे ठोके दिसले नाहीत. आज तो ओला करून अंगालगत बांधा, आणि घड्याळाला उपग्रह सापडेपर्यंत आंब्याखाली न थांबता मोकळ्या खळ्यात उभे राहा.

शस्त्रक्रियेनंतर इतक्या लवकर तुम्ही मांडवीहून घरचा चढ न थांबता चढता. मागून येताना धाप मलाच लागते, आणि तुमचा फार अभिमान वाटतो. तरीही ठोके फार वाढून घड्याळ वाजू लागले तर बसा, लोक पाहत असले तरी.

तुमच्या काळजाची चौकशी तोंडाने करणे मला कधी जमले नाही. आजचे ठोके घड्याळातून पुसू नका, आल्यावर वाचीन.

शौनक