मूळव्याध म्हटलं की पुढे कोणी विचारत नाही

४ मार्च
आज अकरा वेळा. रक्त आहेच. मधली फेरी दात आवळून चालवली. शेवटच्या थांब्यावर बस लावली आणि तिथल्या सार्वजनिक संडासाकडे धावलो. मागून कंडक्टर – "उस्तादांनी त्या संडासाचा पास काढलाय!" प्रवासी हसले. मीही हसलो.

९ मार्च
डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीने तपासलं. मूळव्याध नाही. मोठ्या आतड्याला आतून सूज, व्रण. अल्सरेटिव्ह कोलायटिस – तीनदा लिहून पाहिलं, तरी नाव आपलं वाटत नाही.

डॉक्टरीणबाईंकडे पूर्वी असे रोगी वर्षाकाठी दोन-चार यायचे, आता दर आठवड्याला येतात. बरेचसे ऐन विशी-तिशीतले. हा रोग जात नाही म्हणाल्या, दबतो. दबला की माणूस विसरतो, मग उसळतो. आतड्यात आणखी वरही चढू शकतो. आठ-दहा वर्षांनी कर्करोगाची भीती, म्हणून तपासत राहायचं. निघताना म्हणाल्या, "घरी सांगा. मुलांना होईलच असं नाही, पण लक्ष ठेवायला हवं."

घरी सांगितलं – मूळव्याध. तेवढं नाव पुरतं.

२ एप्रिल
गोळ्या चालू. आज पाच वेळा.

२१ मे
दोन! रक्त नाही. सकाळी देवापुढे हात जोडले, तर मागायला काही उरलंच नव्हतं. कंडक्टर म्हणतो, संडासवाला तुमची चौकशी करत होता.

१४ जुलै
गोळ्या सोडून महिना झाला. देवाने बरं केल्यावर गोळी गिळायची म्हणजे त्याच्यावर अविश्वास, असं वाटलं. बायकोला यातलं काही ठाऊक नाही.

६ सप्टेंबर
दहा. ताप. सूज वर चढली आहे. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "गोळ्याही देवानेच पाठवल्या असं समजायचं होतं," एवढंच म्हणाल्या.

बस चालवणं सुटलं. सध्या डेपोत खिडकीशी बसून सुटणाऱ्या गाड्यांच्या वेळा लिहितो. वीस वर्षं मी आरशात मागचे प्रवासी पाहिले. त्यातले किती जण असेच दात आवळून बसले असतील?

१९ ऑक्टोबर
आता मी बरा आहे. सकाळी चहा घेताना संडासाची कडी वाजली. थोड्या वेळाने पुन्हा. मग पुन्हा. थोरली भिंत धरून बाहेर आली. बावीस वर्षांची पोर, ओठ पांढरे. विचारलं.

"काही नाही हो बाबा, तुमचीच मूळव्याध. सहा महिने झाले. तुम्ही कुठे बोलता कधी? मग मीही नाही बोलले."

आज सात. हा आकडा माझा नाही.